चूल धुरकटते? फुंकणी मारण्याआधी हवेची वाट बघा

गॅस घरोघरी आला, तरी भाकरी आणि आंघोळीच्या पाण्यासाठी गावाकडे चूल आजही पेटते. पण ती नीट जळली नाही की घरभर धूर होतो, डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. सगळ्यात जास्त धूर जातो तो चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या आणि तिच्याजवळच्या लेकराच्या छातीत. अनेकदा दोष लाकडापेक्षा हवेचा असतो.

धूर का होतो?

लाकूड तापलं की त्यातून वायू निघतो. त्याला पुरेशी हवा मिळाली तर जाळ होतो. नाही मिळाली तर तोच धूर बनून घरात पसरतो. धुराडं असलेल्या चुलीत गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. ही ओढ टिकली पाहिजे.

काय करावं?

- चुलीचं तोंड ठासून भरू नका. दोन-तीन बारीक फोडी लावा, जळतील तशा आत सरकवा.
- राख रोज काढा. लाकडाखाली लोखंडी जाळी ठेवली तर खालून हवा लागते.
- ओलं सरपण टाळा. पावसाळ्याआधीच आडोशाला रचून ठेवा.
- धुराड्याच्या चुलीचा वैल उघडा ठेवू नका. तिथून गार हवा शिरते आणि तोंडाकडची ओढ कमी होते. काही शिजवायचं नसेल तर पाण्याचं पातेलं ठेवा.
- धुराड्यातली काजळी वरचेवर काढा. त्याचं टोक छपराच्या वर असावं, नाहीतर वाऱ्याने धूर उलटा घरात येतो.
- खिडकी किंवा झरोका उघडा ठेवा. सगळं बंद केलं तर चूल हवा घेणार कुठून?

जास्त हवाही नको

ओढ फार झाली तर आच भांड्याला न लागता धुराड्यातून निघून जाते आणि सरपण जास्त लागतं. धुराड्याला झडप असेल तर चांगला जाळ लागल्यावर थोडीच लोटा. पूर्ण कधीच बंद करू नका.

थंडीत हे विसरू नका

निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं जिवावर बेतू शकतं. निखाऱ्यातून धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ अशी लक्षणं दिसली तर माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणा आणि १०८ वर फोन करा.