राजीनामा दिला तर ट्रेनिंगचे पैसे परत करावे लागतात का?



मागच्या व्याख्यानानंतर मी जिना उतरत होतो, तेव्हा एक बाई थांबल्या होत्या. मुलगा पुण्यात एका आयटी कंपनीत नोकरीला. दीड वर्ष झालं. दुसरीकडे बरी नोकरी मिळाली म्हणून त्यानं राजीनामा दिला. कंपनीनं सांगितलं, तू तीन वर्षांचा बॉन्ड लिहून दिला आहेस, तुझ्या ट्रेनिंगवर खर्च झालाय, दोन लाख भर, मगच रिलिव्हिंग लेटर मिळेल. बाईंनी मला एवढंच विचारलं, "सर, बांगड्या मोडू की नको?" जिन्यात उभं राहून उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. म्हणून आजचा विषय हाच घेतला.

या बाबतीत दोन समज आहेत. एक म्हणजे, "बॉन्ड-बिन्ड कायद्यात चालत नाही, खुशाल सोड." दुसरा, "सही केलीस ना? मग आता भर." दोन्ही चुकीचे आहेत. खरं उत्तर मधे कुठेतरी आहे, आणि ते कुठे आहे हे ठरवायला कायद्याची दोन कलमं पुरतात. दोन्ही १८७२ च्या भारतीय करार कायद्यातली.

पहिलं कलम २७. एखाद्याला त्याचा कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल, असं ते म्हणतं. मग बॉन्ड रद्द का होत नाही? त्याचं उत्तर आपल्या कल्याणच्या एका खटल्यात आहे. सेंच्युरी स्पिनिंग कंपनीचा तिथे टायर कॉर्डचा कारखाना होता. त्याचं तंत्रज्ञान हॉलंडच्या कंपनीकडून आलेलं, गुप्तता पाळण्याच्या अटीवर. गोलिकरी नावाचे शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर लागले, ट्रेनिंग घेतलं, आणि १९६४ मधे सोडून राजस्थानात कोट्याच्या रेयॉन कंपनीत गेले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९६७ मधे कोर्टानं कंपनीची बाजू उचलून धरली. तत्त्व असं: करार चालू असतानाच्या काळातलं बंधन वेगळं आणि करार संपल्यानंतरचं बंधन वेगळं. चालू काळात "दुसऱ्याकडे काम करणार नाही" ही अट वाजवी असेल तर ती कलम २७ मधे अडकत नाही.

पण बघा, कोर्टानं त्यांना "कामावर परत या" असं सांगितलं नाही. उरलेल्या मुदतीत तशाच कामासाठी दुसरीकडे जाऊ नका, एवढंच सांगितलं. कोणालाही जबरदस्तीनं नोकरीत ठेवता येत नाही. राजीनामा द्यायचा हक्क तुमचाच. वाद उरतो तो पैशांचा.

आणि पैशांसाठी दुसरं कलम, ७४. माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा इथे आहे. करारात "मोडला तर इतके रुपये" असा आकडा लिहिला असेल, तर कोर्ट तो आकडा डोळे मिटून देत नाही. लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. तिच्या आत राहून जी वाजवी भरपाई असेल तेवढीच मिळते. म्हणजे दोन लाख लिहिलेत म्हणून दोन लाख मिळतील असं नाही. दोन लाखांच्या वर मात्र नक्की मिळणार नाहीत.

वाजवी म्हणजे किती? २०११ मधलं दिल्ली हायकोर्टापुढचं एक प्रकरण सांगतो, हिशेब अगदी शाळेतल्यासारखा आहे. बॉन्ड तीन वर्षांचा, रक्कम दोन लाख. ट्रेनिंगवर झालेला खर्च निघाला ६७,५९६ रुपये. कर्मचाऱ्यानं तीनपैकी दोन वर्षं नोकरी केली होती. मग राहिलं किती? एक तृतीयांश. लवादानं दिले २२,५३२ रुपये. कंपनी हायकोर्टात गेली, पण तिथेही जास्त मिळाले नाहीत. दोन लाखांची मागणी आणि बावीस हजारांचा निवाडा! कागदावरचा आकडा आणि खरं नुकसान यांत एवढं अंतर असू शकतं.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, "सर, २०२५ मधे सुप्रीम कोर्टानं तर बँकेचा बॉन्ड मान्य केला." बरोबर आहे. विजया बँकेचं प्रकरण. तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख, अशी अट होती. एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं २००९ मधे राजीनामा दिला, नाराजी नोंदवून पैसे भरले आणि मग कोर्टात गेला. कर्नाटक हायकोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. पण कारणं वाचा. ती सरकारी बँक होती. तिला जाहिरात, परीक्षा, मुलाखत अशी सगळी खुली प्रक्रिया करावी लागायची, वाटेल त्याला उचलून खुर्चीवर बसवता येत नव्हतं. आणि त्या पदाचा पगार बघता दोन लाख ही रक्कम राजीनामा अशक्य करणारी नव्हती. वीस-पंचवीस हजार पगाराच्या मुलाला हाच निकाल जसाच्या तसा लावता येईल का? मला वाटतं, नाही.

आता कंपनीनं काय करू नये ते बघू. नुकसान किती झालं हे कंपनी स्वतःच ठरवू शकत नाही. ते कोर्टानं किंवा लवादानं ठरवायचं. पगारातून कोणत्या कपाती करता येतात याची यादी कायद्यात आहे आणि तिच्यात "ट्रेनिंगचा खर्च" असं काही लिहिलेलं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत राहिलेला पगार द्यायचा असतो.

आणि एक, जॉइन होताना कोरा चेक मागतात. देऊ नका हो! तो बाउन्स झाला की साधा दिवाणी वाद कलम १३८ च्या फौजदारी तक्रारीकडे वळतो, आणि मग धावपळ तुमची.

मग त्या बाईंना मी काय सांगितलं? म्हटलं, बांगड्या राहू द्या. आधी मुलाला तीन गोष्टी लेखी विचारायला सांगा. ट्रेनिंग नेमकं कोणतं आणि किती दिवसांचं? त्यावर खर्च किती, बिलं दाखवा. आणि झालेली दीड वर्षं वजा करून रक्कम किती? पहिल्या आठवड्यात कॉम्प्युटर कुठे, कँटीन कुठे हे दाखवलं, त्याला ट्रेनिंग म्हणत नाहीत. उलट कंपनीनं खरोखर परदेशी पाठवलं असेल, बाहेरच्या संस्थेची फी भरली असेल, तर ते नुकसान खरं आहे. उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात ते भरणं हे न्यायाचंच होईल. नोटीस पीरियड मात्र पूर्ण करा. तो वेगळा विषय आहे, तिथे आपली बाजू लंगडी ठेवू नका.

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे: "कंपनी खरंच केस करते का?" करू शकते, करार मोडल्यापासून तीन वर्षांच्या आत. पण केस केली की खर्च सिद्ध करावा लागतो, आणि बिलं नसतील तर बऱ्याच कंपन्या नोटिशीवरच थांबतात. तरी नोटीस आली तर गप्प बसू नका. वकिलाकडून उत्तर पाठवा, आणि सही केलेल्या कराराची प्रत आजच शोधून ठेवा. बहुतेकांकडे तीच नसते.

थांबतो.