डोळा सर्जनचा, श्वास भूलतज्ज्ञाचा

मोतीबिंदूचं ऑपरेशन हल्ली बऱ्याचदा नुसत्या थेंबांवर होतं. पूर्ण भूल लागते ती लहान मुलांना, तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेला, मार लागून फुटलेल्या डोळ्याला आणि पडद्याच्या लांबणाऱ्या कामाला. अशा वेळी भांडण जागेचं असतं. एरवी भूलतज्ज्ञ रुग्णाच्या डोक्याशी असतो. इथे ती जागा सर्जन आणि त्याच्या मायक्रोस्कोपने घेतलेली असते. रुग्णाचा चेहरा निर्जंतुक कापडाखाली झाकलेला. श्वासाची वाट अडली तर भूलतज्ज्ञाला ते कळतं कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावरून, आणि तोंडापर्यंत हात पोहोचवायचा तर ऑपरेशन थांबवावं लागतं. म्हणून सरधोपट उत्तर एकच दिलं जातं: श्वासनलिकेत नळी घाला आणि निर्धास्त व्हा. माझ्या मते हे उत्तर अर्धवट आहे, आणि बहरीनसारख्या देशात तर ते जास्तच तपासून घ्यायला हवं.

नळी जागेवर असते तेवढा वेळ ती उत्तमच. त्रास होतो ती घालताना आणि काढताना. डोळ्यातला दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर असतो; एका जोरदार ठसक्याने तो आणखी ३० ते ४० मिलिमीटरने उसळू शकतो. नुकत्याच घातलेल्या टाक्यांना हे परवडत नाही. लंडनमध्ये आर्ची ब्रेन यांनी १९८१ साली लॅरिंजियल मास्क तयार केला, तो स्वरयंत्राच्या वर, घशातच बसतो. स्वरतंतूंच्या मधून काही जात नाही, त्यामुळे दाब कमी चढतो आणि जाग येताना खोकलाही कमी येतो.

बहरीनमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण मोठं आहे. लग्नाआधीची तपासणी २००४ च्या कायद्याने तिथे सक्तीची झाली. प्राणवायू घटला की या आजारात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या तुंबतात. याच आजाराने डोळ्याचा पडदा बिघडतो आणि रुग्ण पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर येतो. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचलं, तर वाकलेल्या पेशी निचऱ्याच्या जाळीत अडकून दाब वाढतो. आणि इतरांचा डोळा सहन करील एवढ्या दाबानेही यांच्या दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. एरवी ठणठणीत असलेला नुसता वाहकही या धोक्याबाहेर नाही. म्हणजे दाबही चढू द्यायचा नाही आणि प्राणवायूही पडू द्यायचा नाही.

इथेच मास्कवरचा खरा आक्षेप येतो. कापडाखाली तो सरकला तर? सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायूविना गेलेली दोन मिनिटंही महाग पडतील. आक्षेप रास्त आहे, पण तो मास्क नीट न बसवण्याबद्दलचा आहे. लवचिक, तारेने मजबूत केलेली नळी असलेला मास्क वापरावा, कापड पसरण्यापूर्वीच डोकं वळवून गळती तपासावी आणि शंका आली तर त्याच क्षणी नळी घालावी. शिवाय नळी काढताना स्वरतंतू आखडले तर प्राणवायू तेव्हाही पडतोच. तो हिशेब आक्षेप घेणारे सहसा धरत नाहीत. दुसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे: पोट भरलेलं असेल तर मास्क फुप्फुसांना उलटीपासून वाचवत नाही. जेवून निघाल्यावर अपघातात डोळा फुटलेला माणूस, तीव्र अॅसिडिटीचा किंवा खूप स्थूल रुग्ण, यांना नळीच हवी. तिथे औषधांनी ठसका दाबून ती अलगद काढणं हेच कसब. उपाशीपोटी आलेल्या, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेला पहिला मान मास्कचा.

सिकलसेल विदर्भात आणि नंदुरबारातही आहे, आणि आखातात नोकरीला गेलेला माणूस तो सोबत नेतो. पूर्ण भूल घ्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाने विचारण्याची वाट न पाहता त्याला तीन गोष्टी सांगा: घरात सिकलसेल आहे का, शेवटचं खाणं-पिणं किती वाजता झालं आणि आडवं झाल्यावर घशाशी आंबट येतं का.