दाणीवरचा दिवस

पहाटे ४. उमरेडकडच्या आमच्या गावात माघाची थंडी आहे. काकाजी माझ्याआधी गोठ्यात पोचलेत, बैलांच्या अंगावरची गोणपाटं काढतायत. एरवी सकाळी कुटार आणि सरकीची ढेप असते. आज फक्त हरभऱ्याची थोडी चुणी. भरल्या पोटी बैल पळवायचा नसतो.

काकाजी एकेक पाय उचलून खुराच्या फटीत बोट फिरवतात. डाव्या बैलाच्या मागच्या खुरातून गव्हाएवढा खडा निघतो. तो माझ्या तळहातावर ठेवून म्हणतात, "हा राह्यला असता न, तं दाणीवर पाय आखडला असता." मी तो खिशात टाकतो.

५.३०. पिकअपमध्ये तणस अंथरून जोडी चढवली. छकडा मागून दुसऱ्या गाडीत येतोय. गतिरोधक आला की ड्रायव्हर गाडी जवळपास थांबवतो. त्याच्याही घरी बैल आहेत.

७.००. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत पट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरलाय. दाण म्हणजे धावेची पट्टी. आठ दिवस गावच्या पोरांनी ती नांगरून, ढेकळं फोडून, पाणी मारून तयार केली आहे. माती घट्ट असली तर खूर सटकतो, भुसभुशीत असली तर रुततो. काकाजी अनवाणी दाणीवरून शेवटापर्यंत चालत जातात. परत आल्यावरच तर्री-पोह्याची प्लेट हातात घेतात.

८.३०. पशुवैद्यकीय डॉक्टरांची तपासणी. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पट भरवणाऱ्या मंडळाने आधीच काढलेली असते, पण बैल धडधाकट असल्याचा दाखला जोडीगणिक लागतो. काहींना ही कटकट वाटते. मला वाटत नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, तेव्हा आमच्या दोन चांगल्या बैलांना गिऱ्हाईक मिळेना. राज्याने २०१७ साली कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कायदा कायम ठेवला. दाण १००० मीटरच्या आत, काठी-चाबूक बंद, बैलाला छळलं तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. पट परत मिळाला तो या अटींवर.

११.००. नंबर लागेपर्यंत सावलीत बसणं हेच दिवसातलं मोठं काम. बाभळीखाली दहा-बारा जोड्या बांधल्या आहेत, आणि खरा पट मला इथेच दिसतो. कोणाचा कासरा झिजला तर शेजारचा आपला देतो, मग तो दोन तासांनी त्याच्याच विरुद्ध उतरणार असला तरी. म्हातारी माणसं बैलाच्या पाठीवर हात फिरवून त्याचं घराणं ओळखतात. नागपूर-वर्ध्याची गवळाऊ जात मुळातच चपळ, पांढरीशुभ्र, अंगाने हलकी. तिची खोंडं कोणाकडे आहेत, ही चौकशी इथेच होते. सोयरिकीही इथेच जमतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात बायाही छकड्यावर चढून जोडी हाकतात, तो विषय निघाला की माझी चुलतबहीण कान टवकारते.

अशी बाभूळ दुसरीकडेही असावी. अमेरिकेत डेटोना बीचला १९४८ साली नास्कार ही मोटारशर्यतींची संघटना सुरू झाली. १९४९ साली तिने सुरू केलेल्या एका मालिकेत दुकानातून घेतलेल्या साध्या मोटारी पळत. काही जण ज्या गाडीने येत, तीच पळवत आणि तिनेच घरी जात. भाऊ, शेजारी, मित्र मिळून गाडी सांभाळत. हे वाचलं तेव्हा मला आमची बाभूळ आठवली. आमची जोडीही पटाआधीचा महिना सोडला तर शेतातच राबते.

१.४०. नंबर पुकारला. जुवाखाली मानेवर मऊ कापडाची घडी. काकाजी धुरकरी. छकड्यावर पाय रोवून, कासरा मुठीत धरून ते बैलांशी हलक्या आवाजात बोलतात. आम्ही चौघांनी समोरून जोडी धरली आहे. उजव्या बैलाच्या नाकपुड्या फुलल्यात, त्याची छाती माझ्या खांद्याला धडधडताना लागते. झेंडी पडते, आम्ही बाजूला उड्या घेतो. डोळ्यांत माती. घुंगरांचा एकच लांब आवाज, आणि पलीकडून ओरड.

घड्याळ सांगतं, ९.४२ सेकंद. पहाटे चारपासूनचा दिवस एवढ्यासाठी होता.

४.००. दुसऱ्या एका जोडीचा धुरकरी तुतारी लपवून आणतो. टोकाला आर असलेली काठी. पंच जोडी बाद करतात, थोडी बाचाबाची होते. पंचांनी केलं ते योग्य केलं. असा एक माणूस सगळ्यांचा पट पुन्हा कोर्टात नेईल.

६.००. आम्ही चौथे. बक्षीस तिसऱ्यापर्यंतच होतं. काकाजी बैलांना सावकाश फिरवतात, घाम वाळल्यावर पाणी, मग गुळाचा खडा. मानेवर हळद-तेल.

९.३०. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला वडशाहून आलेल्या मंडळींचं झाडीपट्टीचं नाटक सुरू झालं. काकाजी पहिला अंक संपायच्या आत बसल्या जागी झोपले.

पटाला याल तेव्हा एक करा. जोडी जिथे थांबते त्या टोकाला उभे राहू नका, पोरांना तिथे जाऊ देऊ नका. सुटलेले बैल जागच्या जागी थांबत नाहीत. त्यांना थांबायला मोकळी जागा लागते, आणि ती गर्दीनेच सोडायची असते.