गाडीला उन्हाळा कळतो कसा?

मोटारगाडीत थंड हवा खेळवण्याची सोय काही आजची नाही. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० सालच्या आपल्या गाड्यांत ती दिली होती. पण ते यंत्र बंद करायला चालकापुढे बटणच नव्हते. थंडी सोसेना झाली, की त्याने खाली उतरायचे, इंजिन बंद करायचे, बॉनेट उघडायचे आणि यंत्राचा पट्टा काढून ठेवायचा! पुढे १९६४ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत एक नवी सोय आली. आत किती थंडावा हवा ते चालकाने एकदा ठरवायचे. बाकीचे गाडी पाहून घेई. आज असा स्वयंचलित एसी आपल्याकडच्या भाड्याच्या गाड्यांतही दिसतो.

तुमच्यापैकी कोणाचे अब्बा किंवा चाचा अशी गाडी चालवीत असतील, कोणाचा भाऊ गॅरेजात काम शिकत असेल. हे यंत्र बिघडले की काय होते, ते त्यांना विचारून पाहा. भर उन्हाळ्यात एसी बंद असेल तर गिऱ्हाईक गाडीत बसायला तयार होत नाही. दुरुस्तीला गाडी नेली तर मोठाच खर्च सांगितला जातो. म्हणून बिघाड नेमका कोठे आहे, हे आधी ओळखता आले पाहिजे.

थंड हवा तयार कशी होते, ते थोडक्यात पाहू. बॉनेटखालचा कॉम्प्रेसर एक विशिष्ट गॅस दाबतो. दाबलेला गॅस तापतो. रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर नावाची जाळी असते. तेथे तो गॅस आपली उष्णता बाहेर टाकतो आणि त्याचा द्रव होतो. हा द्रव डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये जातो. तेथे त्याची वाफ होते आणि वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. सुई टोचण्यापूर्वी डॉक्टर दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार वाटते, त्याचे कारण हेच. ब्लोअर नावाचा पंखा या थंड कॉइलवरून हवा ढकलतो. कॉइलच्या जवळच हीटरची जाळी असते आणि तिच्यातून इंजिनचे गरम पाणी फिरते. या दोहोंमध्ये एक झडप असते. छोटी मोटार ती झडप पुढेमागे करते. बादलीत गरम आणि गार पाणी मिसळून आपण आंघोळीचे पाणी बेताचे करतो ना, तशीच येथे हवा बेताची केली जाते.

साध्या एसीत हे मिसळण्याचे काम आपला हात करतो. स्वयंचलित एसीत आपण फक्त आकडा सांगतो, समजा २४ अंश. कॉम्प्रेसर कधी चालवायचा, पंखा किती जोरात फिरवायचा, झडप किती उघडायची, हे सारे नियंत्रक ठरवतो. नियंत्रक म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक लहानसा संगणक. तो बिचारा बंद पेटीत बसलेला असतो. त्याला ऊन दिसत नाही आणि घामही येत नाही. त्याला बातम्या आणून देतात ते सेन्सर. एक सेन्सर डॅशबोर्डवरच्या बारीक जाळीमागे असतो. तो गाडीतल्या हवेचे तापमान सांगतो. दुसरा पुढच्या बंपरमागे असतो. तो बाहेरचे तापमान सांगतो. तिसरा समोरच्या काचेखाली डॅशबोर्डवर काळ्या टिकलीसारखा दिसतो. त्याला ऊन किती आहे ते कळते. आणखी एक कूलिंग कॉइलजवळ असतो. तो कॉइलवर बर्फ जमू देत नाही.

बातमी खरी असेल तर नियंत्रकाचा हुकूम बरोबर असतो. बातमी खोटी असेल तर सारे भाग धडधाकट असूनही कारभार बिघडतो.

तापमान सांगणाऱ्या या सेन्सरमध्ये थर्मिस्टर नावाचा छोटा तुकडा असतो. विज्ञानाच्या तासाला तुम्ही विद्युतरोध शिकला आहात. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. या थर्मिस्टरचे उलट आहे. तो तापला की त्याचा रोध कमी होतो आणि गार झाला की वाढतो. रोध किती आहे ते मोजून नियंत्रक तापमान ओळखतो. आता विचार करा, सेन्सरची तार तुटली तर काय होईल? तुटलेल्या तारेतून वीज जातच नाही. म्हणजे रोध अफाट झाला. अफाट रोधाचा अर्थ नियंत्रक काय लावेल? कडाक्याची थंडी!

असाच एक प्रकार एका प्रवासी गाडीच्या बाबतीत घडला. मे महिन्याचे दिवस होते. एसी सुरू केला की पंखा चाले, पण हवा गरमच येई. चालकाने दोनदा गॅस भरून घेतला. एका गॅरेजात त्याला कॉम्प्रेसर बदलायला सांगितले. त्यासाठी पैसे उसने घेण्याची वेळ आली. तेवढ्यात तो एका जुन्या उस्तादांकडे गेला.

"उस्ताद, कॉम्प्रेसर गेला का हो?" त्याने विचारले.

"थांब बेटा," उस्ताद म्हणाले, "बाहेरचे तापमान किती दाखवते ते आधी वाच."

चालकाने पाहिले. पडद्यावर आकडा होता उणे ४०! रोज गाडी चालवूनही त्याने तिकडे लक्ष दिले नव्हते. उस्तादांनी पुढच्या बंपरमागे हात घातला. कधीतरी गाडीला हलकासा धक्का बसला होता आणि सेन्सरची तार तुटली होती. बाहेर बर्फ पडण्याइतकी थंडी आहे असे समजून नियंत्रकाने कॉम्प्रेसर बंद ठेवला होता. अशा थंडीत कॉम्प्रेसर चालवायचा नाही, असे त्याला मुळातच शिकवलेले असते. तार जोडली आणि थोड्याच वेळात गार हवा येऊ लागली.

प्रत्येक गाडी असा वेडावाकडा आकडा दाखवीलच असे नाही. काही गाड्यांत नुसत्या रेघा दिसतात, तर काहींत नियंत्रक स्वतःच एक अंदाजाचा आकडा धरून चालतो. पण पाहायला पैसे पडत नाहीत. हकीमसाहेब औषध देण्याआधी नाडी पाहतात, तसे येथेही आधी पाहावे आणि मग पाना हातात घ्यावा.

इंजिन सुरू करून तापमान अगदी खालच्या टोकाला न्यावे. अशा वेळी झडप हीटरची वाट पूर्ण बंद करते. आता हवा चांगली गार आली, तर गॅस आणि कॉम्प्रेसर बहुधा ठीक आहेत. दोष सेन्सरमध्ये किंवा झडपेत शोधावा. डॅशबोर्डमागून टकटक असा आवाज येत असेल, तर झडपेच्या मोटारीचे प्लॅस्टिकचे दाते तुटलेले असू शकतात. गाडी धावताना हवा गार आणि सिग्नलला थांबली की गरम, असे असेल तर कंडेन्सरचा पंखा फिरतो की नाही ते पाहावे. तासाभराने हवेचा जोर कमी कमी होत जातो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा वाढतो, ही खूण कॉइलवर बर्फ जमल्याची. पंखा जोरात फिरूनही हवा थोडीच येत असेल, तर एसीचा फिल्टर काढून झटकावा. पुष्कळ गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि कित्येकदा तो धुळीने, पाल्याने गच्च भरलेला निघतो.

शोभेच्या वस्तूंचीही एक गंमत आहे. काही जण डॅशबोर्डवर मखमली कापड अंथरतात, वर अत्तराची बाटली आणि रुमालांचा डबा ठेवतात. त्याखाली उन्हाचा सेन्सर झाकला जातो. मग टळटळीत उन्हातही गाडीला वाटते सावली आहे! हवेच्या सेन्सरची जाळी धुळीने बुजली, तर त्याला आतल्या हवेऐवजी तापलेल्या डॅशबोर्डचीच ऊब कळते.

पावसाळ्यात एसी केवळ सुखासाठी नसतो. घाटात पाऊस सुरू झाला, काचा बंद केल्या, की माणसांच्या श्वासातील बाष्प समोरच्या काचेवर आतून जमते. क्षणात रस्ता दिसेनासा होतो. थंड कॉइल हवेतील बाष्प खेचून घेते, आणि कोरडी हवा काचेवर सोडली की काच स्वच्छ होते. गाडीखाली टपकणारे पाणी ते हेच. त्याला बिघाड समजू नये. ते पाणी आत पायाजवळच्या गालिच्यावर येऊ लागले, तर मात्र त्याची नळी तुंबली आहे. वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूने जमली असेल, तर काचच फार गार झाली आहे असे समजावे. तेव्हा वायपर चालवावा आणि काचेवरची थंड हवा कमी करावी.

हे सगळे पाहणे तुमच्या आवाक्यातले आहे. पण गॅसच्या नळ्यांना कोणीही स्वतः हात लावू नये. कितीतरी गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. तो उणे २६ अंशाला उकळतो. त्याची चिळकांडी उडाली तर कातडी गोठते आणि डोळ्यांना इजा होते. हवेत सोडला तर तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून अधिक प्रमाणात पृथ्वी तापवतो. म्हणून तो यंत्राने काढून टाकीत साठवतात. 'गॅस संपला' असे कोणी म्हटले, तर गळती कोठे आहे ते विचारावे. कारण हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. आणि तो अंदाजाने भरायचा नसतो. कमी झाला तरी थंडावा जातो आणि जास्त झाला तरी जातो. तो काट्यावर वजन करून भरतात, आणि किती ग्रॅम भरायचा ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर छापलेले असते.