जुना टीव्ही, नवी पेटी

यवतमाळ–धामणगाव रस्त्यावरील बाभुळगाव हे तालुक्याचे गाव. कापूस आणि सोयाबीनच्या हंगामावर येथील बाजारपेठ चालते. दुकानांतील जुने तराजू गेले, कीर्द-खतावणी संगणकावर आली. परंतु दुकानामागच्या घरात, लाकडी कपाटावर ठेवलेला जाड पाठीचा टीव्ही काही घरांतून अजून टिकून आहे. मुलगा दिवसभर दुकानात, नातवंडे शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला. त्यामुळे तो संच मुख्यतः घरातील आजी-आजोबांचा असतो. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले, की सातच्या मराठी बातम्या लावायच्या, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. अशा घरात एखाद्या संध्याकाळी पडद्यावर केवळ मुंग्या दिसू लागल्या, तर बिघाड लहान असला तरी ती संध्याकाळ त्यांना फार मोठी वाटते.

पुष्कळदा दोष संचाचा नसतो. जुना संच ज्या पद्धतीचे प्रक्षेपण घेण्यासाठी तयार झाला होता, ते प्रक्षेपणच आता थांबले आहे. केबल दूरचित्रवाणीचे अंकीकरण २०११ च्या दुरुस्ती कायद्यानुसार चार टप्प्यांत झाले. २०१२ मध्ये महानगरांपासून प्रारंभ झाला आणि ग्रामीण भागाच्या अखेरच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली. पुढे २०२१-२२ मध्ये प्रसार भारतीने, मोक्याच्या ठिकाणची सुमारे ५० प्रक्षेपण केंद्रे वगळता, दूरदर्शनचे जमिनीवरून होणारे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपणही बंद केले. रविवारी सकाळी ‘रामायण’ पाहण्यासाठी ज्यांची दिशा फिरवली जात असे, ते छतावरील काड्यांचे ॲन्टेना त्यामुळे निरुपयोगी झाले. आता येणारा अंकीय संदेश जुन्या संचाला समजेल अशा चित्रात व आवाजात बदलून देणारी पेटी, म्हणजेच सेट-टॉप बॉक्स, मध्ये बसवावी लागते.

संदेश कोठून येणार?

पेटी घेण्यापूर्वी पहिला प्रश्न हाच विचारावा. बाभुळगावसारख्या ठिकाणी तीन मार्ग संभवतात : स्थानिक केबल, खासगी कंपनीची डीटीएच सेवा आणि दूरदर्शनची डीडी फ्री डिश. या तिन्हींच्या पेट्या बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांची अदलाबदल होत नाही. केबलची पेटी छत्रीला जोडून उपयोग नाही आणि छत्रीची पेटी केबलला चालत नाही. खासगी डीटीएचची पेटी तर बहुधा त्याच कंपनीच्या सेवेपुरती बांधलेली असते. नातेवाइकाकडे पडून असलेली पेटी फुकट मिळते म्हणून आणण्यापूर्वी ती कोणत्या सेवेची आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

फ्री डिशची सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही. पेटी, छत्री आणि जोडणी यांचा एकदाच खर्च येतो. तो साधारणतः दीड ते दोन हजार रुपये धरावा. ही सेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून मिळते. बाभुळगावहून पाहिले असता तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. म्हणून आग्नेयेकडे उंच इमारत, पाण्याची टाकी किंवा दाट झाड आड येणार नाही, अशीच जागा छत्रीसाठी निवडावी. आज लहान असलेले कडुनिंबाचे झाड चार वर्षांनी आड येऊ शकते, याचाही विचार व्हावा. मुसळधार पावसात चित्र काही मिनिटे थांबते. तो पेटीचा दोष नव्हे. या लहरी पावसात क्षीण होतात.

टीव्हीची पाठ पाहावी

दुसरा प्रश्न संचाच्या पाठीमागे दडलेला असतो. दुकानात जाण्यापूर्वी मोबाइलवर त्या बाजूचे छायाचित्र काढून न्यावे. तेथे पिवळे, पांढरे व तांबडे असे गोल छिद्र असेल, तर एव्ही वायर चालेल. पिवळी चित्राची, पांढरी व तांबडी आवाजाची. एकाच स्पीकरच्या संचाला पिवळे व पांढरे अशी दोनच छिद्रे असतात. तेथे तांबडी वायर मोकळी राहिली तरी बिघडत नाही. फारच जुन्या संचाला केवळ ॲन्टेनाचे छिद्र असते. त्याला ॲन्टेनामार्गे चित्र देणारी पेटी किंवा आरएफ मॉड्युलेटर नावाचा वेगळा जोड लागतो.

काही नव्या पेट्यांना केवळ एचडीएमआयचे, म्हणजे चपट्या पट्टीसारखे छिद्र असते. त्या जुन्या संचाला थेट जोडता येत नाहीत. मध्ये ‘एचडीएमआय ते एव्ही’ असा जोड घ्यावा लागतो. त्याच्याचसारखा दिसणारा ‘एव्ही ते एचडीएमआय’ हा जोड नेमके उलटे काम करतो आणि घाईत तोच हाती पडतो. शक्य असल्यास एव्ही व एचडीएमआय दोन्ही असलेली पेटीच घ्यावी. उद्या संच बदलला तरी ती उपयोगी पडते.

फ्री डिशसाठी आणखी एक खबरदारी आहे. तिच्या वाहिन्या एमपीईजी-२ आणि एमपीईजी-४ अशा दोन पद्धतींनी येतात. जुनी, स्वस्त पेटी फक्त पहिली पद्धत जाणते. नवी पेटी दोन्ही. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी जुनी पेटी घेतली, तर हवी असलेली वाहिनीच न दिसण्याची शक्यता राहते. घरी ज्या चार-पाच वाहिन्या नित्य पाहिल्या जातात त्यांची नावे कागदावर लिहून न्यावीत आणि त्या दुकानात प्रत्यक्ष लावून घ्याव्यात. पेटीवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह आहे का आणि पावतीवर पेटीचा क्रमांक लिहिला आहे का, हेही तपासावे.

घरी आणल्यावर चित्र कृष्णधवल दिसले किंवा वर-खाली पळू लागले, तर संच दुरुस्तीस नेण्याची घाई नको. पेटीच्या सेटिंगमध्ये ‘पाल’ ही पद्धत आणि पडद्याचा आकार ४:३ निवडावा. एवढ्याने दोष बहुधा दूर होतो.

पाच वर्षांचा हिशेब

व्यापारी माणूस मालाची खरेदी करताना केवळ पहिली किंमत पाहत नाही; येथेही तोच नियम लागू करावा. केबल व डीटीएचचे नेटवर्क शुल्क २०१९ पासून दरमहा कमाल १३० रुपये ठरवण्यात आले होते. १८ टक्के करासह ते १५३ रुपये ४० पैसे होई. वर्षाचे १,८४० रुपये ८० पैसे आणि पाच वर्षांचे ९,२०४ रुपये. सशुल्क वाहिन्यांचे मूल्य वेगळे. २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादा उठवली असल्याने आजचा दर विचारून घेऊन हाच हिशेब मांडावा. दोन हजारांची फ्री डिश त्यापुढे स्वस्त दिसते. मात्र आजोबांना हवी असलेली वाहिनी तीवर नसेल, तर तो स्वस्तपणा व्यर्थ होय.

संचाचे उरलेले आयुष्यही हिशेबात धरावे. पिक्चर ट्यूब मंद झाली असेल, चित्र उजळण्यास काही मिनिटे लागत असतील, तर नवी पेटी ते चित्र सुधारू शकत नाही. अशा वेळी संच बदलणेच योग्य. जुन्या संचाच्या काचेत शिसे असते आणि आत उच्च दाबाची वीज बंद केल्यानंतरही काही काळ राहते. म्हणून तो घरी उघडू नये, उकिरड्यावर टाकू नये किंवा फोडून तांबे काढणाऱ्याच्या हवाली करू नये. नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडेच सोपवावा. चित्र स्वच्छ असेल, तर मात्र चालणारी वस्तू केवळ जुनी झाली म्हणून घराबाहेर काढण्याचे कारण नाही.

वापरणारा हात कोणाचा?

एवढे सर्व जुळूनही पुष्कळ पेट्या धूळ खात पडतात. कारण पेटी विकत घेणारा एक असतो आणि वापरणारा दुसरा. पुण्यातील मुलगा मोबाइलवरून उत्तम पेटी मागवतो. जोडणारा माणूस दहा मिनिटांत ती सुरू करून निघून जातो. दुसऱ्या दिवशी आजीपुढे दोन रिमोट आणि ऐंशी बटणे असतात. चुकून टीव्हीचे एव्ही बटण दाबले जाते, पडदा निळा होतो आणि दुकानातून मुलगा येईपर्यंत तो निळाच राहतो. पुनःपुन्हा विचारण्याचा संकोच वाटून त्या हळूहळू टीव्ही लावणेच सोडतात. ‘आजकाल पाहावेसे वाटत नाही,’ असे त्या म्हणतात आणि घरातील मंडळी ते खरे मानतात.

म्हणून मोठ्या व ठळक बटणांचा रिमोट, अंधारातही हाताला सापडणारे आवाजाचे बटण आणि आवडत्या वाहिन्यांची यादी साठवण्याची सोय यांना चमकदार सुविधांपेक्षा अधिक महत्त्व द्यावे. नित्याच्या वाहिन्या आरंभीच्या क्रमांकांवर लावून ते क्रमांक मोठ्या मराठी अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून द्यावेत. रिमोटवरील लागणाऱ्या चार बटणांना रंगीत टिकल्या चिकटवाव्यात. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या, तर टीव्ही व पेटीचे प्लग आणि छत्रीची वायर काढून ठेवायची असते. ते काम आजींवर न सोपवता विजा सुरू होण्यापूर्वीच घरातील तरुणाने करावे.

पेटी बसवल्यावर जोडणाऱ्याला लगेच निरोप देऊ नये. आजींच्या हाती रिमोट द्यावा आणि संच बंद करून पुन्हा सुरू करणे, बातम्या लावणे, आवाज कमी करणे ही तीन कामे त्यांना कोणाच्याही मदतीशिवाय करू द्यावीत. एकदा चुकल्या तर पुन्हा करू द्यावीत. त्या तिन्ही जमल्यावरच त्याचे पैसे चुकते करावेत.