झाडाचा रिपीट

तीस वर्षं मी साड्यांची डिझाइनं काढतोय. अमळनेरहून सुरतेला आलो आणि पांडेसऱ्याच्या मिलमध्ये बसलो तो आजतागायत. या धंद्यात रिपीटला महत्त्व. एक चौकट काढायची, ती जोड न दिसता कापडभर धावली पाहिजे. वेली आणि फांद्या किती काढल्या, त्याची मोजदाद नाही. पण खरी फांदी खोडातून कशी निघते हे मला आमच्या डिंडोलीतल्या एका देशी बदामानं शिकवलं.

फेब्रुवारीची सकाळ होती. पानं लाल होऊन गळत होती. त्या लाल रंगासाठी मी मोबाइल काढला, पण घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तेव्हा रंग बाजूलाच राहिला. सरळ खोड, एका उंचीवर चार-पाच फांद्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या आडव्या. मग हातभर मोकळं खोड. वर पुन्हा चाक. एकेक फांदी पाहिली तर तीही तशीच शिस्तीची. थोडी आडवी धावते, टोक वर वळतं, तिथं पानांचा झुबका बसतो, आणि त्या वळणाच्या खालून नवी फांदी निघून पुन्हा आडवी धावू लागते. हा तर रिपीटच!

पुढे वाचताना कळलं की यावर मोठं काम झालेलं आहे. फ्रान्सिस हाले आणि रोलॉफ ओल्डमन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1970 साली उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या घडणीवर पुस्तक लिहिलं. टॉमलिन्सन यांच्यासोबतचा त्यांचा मोठा ग्रंथ 1978 सालचा. झाडांच्या जाती हजारो, पण वाढीचे मूळ नमुने त्यांनी मांडले ते फक्त 23. एकेका नमुन्याला एकेका शास्त्रज्ञाचं नाव. आपला बदाम ‘ओब्रेव्हिल’ नमुन्यातला, गुलमोहर ‘ट्रॉल’मधला. गुलमोहराचा कोंब आधी आडवा पसरतो आणि त्याचा बुडाकडचा भाग मागाहून उभा होतो. त्याची छत्री अशी तयार होते.

मात्र नियम कळला म्हणजे झाड कळलं असं नाही. झाडावर काय गुजरलं, तेही त्याच्या आकारात उतरतं. डुमसच्या किनाऱ्यावर समुद्राकडच्या बाजूचे डोळे खाऱ्या वाऱ्यानं करपतात, म्हणून झाडं समुद्राच्या उलट बाजूला झुकल्यासारखी वाढतात. शिंदीचं झाड तर स्वतःची वहीच अंगावर बाळगतं.

हिवाळ्यात सुरतेत पहाटे नीरो, म्हणजे नीरा, पितात. तो कुठून येतो ते पाहायला मी ओलपाडच्या बाजूला गेलो होतो. शेताच्या बांधावर शिंदीची रांग होती, आणि प्रत्येक खोड नागमोडी. शेंड्याखाली साल तासून खाच करतात, तिथून रस मडक्यात उतरतो. चढणाऱ्या काकांना विचारलं, खाचा अशा समोरासमोर का? ते म्हणाले, “दर वरसे बाजू बदलवी पडे, भाई.” एका वर्षी या अंगाला, पुढच्या वर्षी त्या अंगाला. शिंदीच्या खोडाला आंब्यासारखी आतून जाडी चढत नाही, त्यामुळे खाच कधी भरून येत नाही. झाड वर जात राहतं, खाचा खाली राहतात. त्या मोजल्या की किती हिवाळे रस काढला ते कळतं. मी एका खोडावर अकरा मोजल्या. अशा झाडाचा फोटो बाजूनं काढावा. समोरून घेतला तर वळणं एकात एक मिसळतात.

वडाचं मात्र फोटोत मावणं कठीण. सुरतेतच अश्विनीकुमारला तापीकाठी ‘त्रण पान नो वड’ आहे. कर्णाचं दहन इथं झालं आणि तीन पानांचा हा वड उगवला, असं लोक श्रद्धेनं सांगतात. तिथं मी हात जोडतो, फोटो काढत नाही. आणि तिकडे भरूचजवळ नर्मदेच्या बेटावर कबीरवड. जेम्स फोर्ब्स या इंग्रजानं 1813 च्या आपल्या ग्रंथात त्याची साडेतीनशे मोठी खोडं आणि तीन हजारांवर लहान खोडं नोंदवली आहेत. पारंबी जमिनीला टेकली की तीच खोड होते, मग मूळ झाड कोणतं ते शोधायचं कसं? तिथं मी पूर्ण झाडाचा नाद सोडला आणि एकच पारंबी घेतली, मातीपासून वीतभर वर लोंबणारी.

बाकी झाडांसाठी माझी पद्धत साधी आहे. झाडाच्या उंचीइतकं, जमलं तर दुप्पट लांब उभं राहायचं. बुंध्याशी उभं राहून मोबाइल वर केला तर खोड मागं कलल्यासारखं दिसतं आणि फांद्यांचे कोन खोटे येतात. सूर्य झाडामागं असताना पडद्यावर आकाशाला बोट लावायचं, म्हणजे झाड काळं होऊन नुसती रेषा उरते. आणि जागा कायमची ठरवायची. डिंडोलीच्या त्या बदामासाठी माझी जागा विजेच्या खांबाशी आहे.

त्या जागेमुळेच पुढचं दिसलं. गेल्या मे महिन्यात पावसाळ्याआधीच्या छाटणीत त्या बदामाचा शेंडाच उडवला गेला. मला फार वाईट वाटलं. फांद्या तारांना लागत होत्या हे खरं, पण शेंडा तारांच्या पलीकडं होता. जुलैत कापलेल्या जागेखालून तीन सरळ धुमारे आले. दिवाळीपर्यंत त्यातल्या एकानं आपलं पहिलं चाक मांडलं, पाच आऱ्यांचं. जणू जुन्या झाडावर नवं रोप मुळापासून सुरू झालं होतं. शास्त्रज्ञ याला पुनरावृत्तीच म्हणतात. आधीचे फोटो नसते तर हे तीन शेंड्यांचं झाड मुळातच असं वेडंवाकडं आहे, असं मी समजलो असतो.

तुमच्या घराजवळचं एक झाड निवडा. उभं राहायची जागा ठरवा. पहिला फोटो पानगळीत, फेब्रुवारीत काढा, छाटणीवाले यायच्या आधी.