धबधब्याचा फोटो आणि जुनेपणाचा रंग

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत आजचा विषय थोडा वेगळा वाटेल : धबधब्याचा फोटो काढायचा आणि तो जुन्या काळातला दिसेल असा करायचा. सातपुरात बोलतोय, तर उदाहरण जवळचंच घेऊ, सोमेश्वरचा धबधबा. गोदावरी तिथे काळ्या बसाल्टवरून उतरते. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलंय, त्यावर तिचं रूप ठरतं. म्हणून निघण्याआधी विसर्गाची बातमी बघायची. विसर्ग वाढणार असेल तर खडकावर पाऊल टाकायचं नाही.

आता कृती. ढगाळ सकाळ निवडा. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, शटर अर्धा ते दोन सेकंद उघडं. म्हणजे पाणी दुधासारखं दिसतं. उजेड जास्त असेल तर फोटो पांढराफटक पडतो, म्हणून लेन्सपुढे एनडी फिल्टर लावतात. तो म्हणजे कॅमेऱ्याचा काळा गॉगलच.

गंमत बघा. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंतही पाणी असंच दुधाळ दिसतं, पण ती हौस नव्हती. काचेच्या प्लेटा मंद होत्या, सेकंदभर तरी प्रकाश लागायचा, आणि तेवढ्यात पाणी वाहून जायचं. त्या प्लेटा निळ्या प्रकाशाला पटकन दाद देत, हिरव्या-लालला फारशी नाही. म्हणून आकाश कोरं आणि झाडी काळपट.

तेव्हा नुसता तपकिरी रंग फासून जुनेपणा येत नाही. आधी फोटो कृष्णधवल करा. निळा उजळवा, हिरवा, पिवळा, लाल दाबा. गडद काळा किंचित राखाडी करा, थोडे रवे घाला, कडा जरा मंद करा. तपकिरी सर्वांत शेवटी, तोही हलका.

बरं, हा तपकिरी रंग येतो कुठून? त्याची दोन कारणं. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरचे फोटो काळानं पिवळे पडत. सेपिया मात्र मुद्दाम करत : फोटोतल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड केलं की चित्र जास्त टिकायचं. म्हणजे एक रंग झिजेचा आणि दुसरा टिकाऊपणाचा. आपण दोन्हींना सरसकट 'जुनं' म्हणतो.

इथे न्यायदर्शन मदतीला येतं. धुरावरून अग्नीचं अनुमान करता येतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती. 'हा फोटो जुना आहे, कारण तो तपकिरी आहे' हे अनुमान मात्र टिकत नाही. सेपिया केलेला फोटो पहिल्याच दिवशी तपकिरी असे. आता तर मोबाइलवर एका बोटाचं काम. साध्य नसतानाही हेतू हजर राहतो. अशा हेतूला 'सव्यभिचार' म्हणतात.

म्हणाल, यात बिघडतं काय? दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, यावरून आपण नाशिककर पूर मोजतो. समजा, २०१६च्या पुराचा फोटो कुणी तपकिरी केला आणि तो '१९६९चा महापूर' म्हणून फिरू लागला. दोन पुरांची तुलनाच बिघडली. नदीकाठी कुठवर बांधायचं, हे ठरवताना अशा फोटोवर विसंबलो तर त्याची किंमत काठावरची घरं मोजतील.

मग जुनं रूप देऊच नये का? तसं आम्ही म्हणत नाही. रंग खोटं बोलत नाही, त्याच्याबरोबर केलेला दावा खोटा असू शकतो. म्हणून मूळ फोटो जपून ठेवा. पाठवताना खाली तारीख, ठिकाण आणि 'जुन्या धाटणीत संपादित' एवढं लिहा. फोटोच्या फाइलमधली तारीख पुढे पाठवताना बऱ्याचदा गळून पडते, तुमची ओळ वाचणाऱ्यासमोर राहते. ती फोटोवरच, एका कोपऱ्यात घातली तर उत्तम.

घरी गेल्यावर जुना अल्बम उघडा आणि प्रत्येक तपकिरी फोटोला विचारा : हा रंग तुला काळानं दिला, की कुणी मुद्दाम दिला?

आता प्रश्न घेऊ.